नाकाडीची घंटी

चष्मेवाल्याने ॲक्सिलरेटरवरचा पाय आणखी थोडा दाबला. गाडीची मागची चाकं लोखंडी घोड्यांवर उचललेली होती आणि हवेतल्या हवेत गरगरत होती. पुढची दोन खाली फरशीवर गप्प उभी होती. गॅरेजच्या फळीवरचे रंगाचे डबे थरथरायला लागले. स्पीडोमीटरचा काटा नव्वदवर आला, जरा रेंगाळला आणि मग शंभर ओलांडून गेला. त्याबरोबर डॅशबोर्डच्या आतून बारीक, स्वच्छ आवाज आला. किण-किण. किण-किण.

त्याने पाय तसाच ठेवला आणि डोळ्यांच्या कोपऱ्यातून बाजूच्या सीटकडे पाहिलं. मांडीवर पर्स घेऊन मावशी ताठ बसली होती. तिची नजर काट्यावर खिळली होती.

"नाही वाजली," मावशी म्हणाली.

किण-किण, घंटी म्हणाली.

"हो ना," तो मोठ्याने म्हणाला आणि त्याने इंजिन बंद केलं. "तारेचं काहीतरी असेल. बघतो परत."

ही तिसरी वेळ होती. पहिल्यांदा त्याला वाटलं होतं, मावशी थट्टा करतेय. दुसऱ्यांदा त्याने खरोखरच डॅशबोर्ड उघडून सगळ्या तारा तपासल्या होत्या. आता मात्र तपासायला काही उरलं नव्हतं. गाडीची घंटी ठणठणीत होती. मावशीचे कान गेले होते, आणि हे तिला सांगायचं कुणी, इथे घोडं अडलं होतं.

गॅरेजच्या दारात चहाचा ट्रे घेऊन त्याची बायको उभी होती. तिने मावशीच्या हातात कप दिला, हसून मान हलवली आणि नवऱ्याकडे वळून, मावशी हाताच्या अंतरावर असताना, खालच्या आवाजात म्हणाली,

"आता तरी सांगणार आहेस का? की जन्मभर चांगल्या घंटीचं ऑपरेशन करत बसणार?"

"हळू बोल."

"हळूच बोलतेय. गेलं वर्षभर या घरात हळूच बोलतेय मी."

मावशी चहा फुंकत होती. तिने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. "काय म्हणते ती?"

"चहा गरम आहे म्हणते," तो ओरडून म्हणाला.

गाडी मावशीची. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरीला लागल्यावर काही वर्षांनी तिने स्वतःच्या पगारातून ती घेतली होती. जपानहून आलेली, दोनच सीटांची, पुढे हे लांब नाक असलेली. मुलीने नवरा करायचा सोडून गाडी केली, असं नातेवाइकांनी म्हणून घेतलं आणि त्या लांब नाकामुळे गाडीला 'नाकाडी' असं नाव पाडलं. मावशीने ते नाव ऐकलं आणि तिला ते इतकं आवडलं की नावं ठेवणाऱ्यांची सगळी मजाच गेली. त्या काळच्या जपानी गाडीत असायची तशी हिच्यातही एक घंटी होती. वेग शंभरच्या वर गेला की ती वाजायला लागे आणि पाय काढेपर्यंत थांबत नसे. चालवणाऱ्याने भानावर यावं, एवढाच तिचा हेतू.

आपण कधीही साठच्या वर गेलो नाही, असं मावशी आजही सगळ्यांना सांगत असे. ज्या घंटीचा सूर, ताल आणि दोन ठोक्यांमधलं अंतर तिला तोंडपाठ होतं, ती तिने ऐकली कधी, हा प्रश्न विचारायची कुणाची छाती नव्हती. एका माणसाला उत्तर ठाऊक होतं. आठ वर्षांचा भाचा तेव्हा बाजूच्या सीटवर बसलेला असे, आणि किण-किण सुरू झाली की मावशी समोर बघत म्हणे, "आईला सांगायचं नाही." हे काय वाजतंय असं त्याने एकदा विचारलं होतं. गाडी खूश झाली की वाजते, असं मावशीने सांगितलं, आणि बरीच वर्षं त्याचा त्यावर विश्वास होता.

म्हणूनच, शेडमध्ये गंजत पडलेली नाकाडी भंगारात निघाली तेव्हा त्याने ती ओढून घरी आणली. दिवसभर चष्म्याच्या दुकानात बसायचं आणि संध्याकाळी गॅरेजमध्ये. गंज काढला, पत्रे ठोकले, इंजिन सोडवून पुन्हा जुळवलं. याबाबतीत तो भलताच सोवळा होता. एका खिडकीच्या बटणासाठी त्याने जपानहून मूळचं बटण येईपर्यंत सहा महिने काच अर्धी उघडी ठेवली होती. दुसऱ्या गाडीचा एक स्क्रूही त्याला चालत नसे. बायको म्हणायची, माझ्या नशिबी आलेला प्रेशर कुकरचा दांडा तीन वर्षं तारेने बांधलेला आहे, त्याचंही जपानला कळव.

आणि मावशी रोज यायची. हीच खरी गोष्ट होती. इतर ठिकाणी तिने जाणंच सोडलं होतं. लोक अलीकडे फार कंटाळवाणं बोलतात म्हणून तिने मैत्रिणी सोडल्या, फोन बिघडलाय म्हणून फोन सोडला. पूर्वी नुसत्या 'हॅलो'वरून अख्ख्या शहरातला माणूस ओळखणारी ही बाई. ऐकू येत नाही हे तिने कुणाजवळ कबूल करायचं? गॅरेजमध्ये मात्र बोलावं लागत नसे. ती हातात पाना द्यायची, चुका काढायची, रंगाला नाक मुरडायची. तिला सांगितलं आणि तिने इथलंही येणं बंद केलं तर काय करायचं, या भीतीने तो मूग गिळून गप्प बसला होता. दुकानात तो रोज भल्या भल्या माणसांना डोळे अधू झाल्याचं हसत हसत सांगत असे. ते त्याला सहज जमायचं. ती माणसं त्याची मावशी नव्हती.

"घंटी वाजल्याशिवाय मी रस्त्यावर गाडीत बसणार नाही," कप खाली ठेवत मावशी म्हणाली. "अर्धवट काम मला चालत नाही, भिंग्या."

लहानपणी भिंगाने कागद जाळत बसायचा म्हणून तिनेच ते नाव ठेवलं होतं.

दुसऱ्या दिवशी तो शेजारच्या घड्याळजीच्या दुकानात गेला. बारीक आवाज मावशीपर्यंत पोहोचत नव्हते, पण गॅरेजचं दार धाडकन आपटलं की ती दचकायची. म्हणजे जाड, खर्जातला आवाज चालला असता.

"भिंतीवरच्या जुन्या घड्याळातला टोल्याचा गज आहे का एखादा?"

घड्याळजीने खणातून एक गज काढला आणि नखाने वाजवून दाखवला. टण्ण.

"कशाला हवाय?"

"गाडीत बसवायचाय."

घड्याळजीने चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. तो चष्मा याच्याच दुकानातला होता. "दर तासाला टोले देणारी गाडी? करा बुवा. हौसेला मोल नाही."

त्या संध्याकाळी त्याने मूळची घंटी काढली, फडक्यात गुंडाळली आणि हत्यारांच्या पेटीत ठेवली. तिच्या जागी तो गज बसवताना त्याच्या अगदी जिवावर आलं. इतकी वर्षं जपलेलं सोवळं त्याने एका स्क्रूड्रायव्हरने मोडलं होतं, आणि कुणी पाहिलं नसलं तरी त्याचे कान लाल झाले होते. पण मग तो मावशीच्या चेहऱ्याचा विचार करायला लागला आणि उरलेले दोन स्क्रू त्याने भराभर पिळले.

रविवारी सकाळी नाकाडी रस्त्यावर आली. "आता नक्की वाजेल," असं त्याने छातीठोकपणे सांगितलं होतं, म्हणून मावशी बसायला तयार झाली. तिने डोक्याला गडद निळा स्कार्फ बांधला होता, तरुणपणीच्या फोटोत होता तसाच. शहराबाहेर गोदामांच्या पलीकडे एक सरळसोट रस्ता होता. सुट्टीच्या दिवशी तिथे चिटपाखरूही नसे. गाडीने एकदाच खोकून घसा साफ केला आणि मग अशी काही सुटली की त्याला स्वतःचंच कौतुक वाटलं. ऐंशी. नव्वद. मावशीने पर्स घट्ट धरली. शंभर.

टण्ण. टण्ण. टण्ण.

त्याने पाहिलं, तिने ऐकलं होतं. तिच्या भुवया वर गेल्या, चेहरा उजळला. त्याला इतका आनंद झाला की त्याचा पाय जरा जास्तच दाबला गेला.

मग भुवया हळूहळू खाली आल्या.

"गाडी बाजूला घे," मावशी म्हणाली.

त्याने एका बंद गोदामासमोर गाडी थांबवली.

"हे काय होतं?"

"घंटी. तुझी घंटी, मावशी. झाली नीट."

"भिंग्या, आवाज ओळखायचे मी तीस वर्षं पैसे घेतलेत. हे कुणाच्या तरी दिवाणखान्यातलं घड्याळ आहे." ती समोरच्या काचेतून बाहेर बघत होती. "माझी घंटी कुठाय?"

"पेटीत."

"काय?"

"पेटीत," तो मोठ्याने म्हणाला.

"मोडली होती?"

खोटं बोलायला एवढीशी जागा होती, आणि ती त्याला दिसत होती. त्याने मान हलवली. नाही.

"म्हणजे वाजत होती."

"पहिल्या दिवसापासून."

त्याने स्टिअरिंगवरची नसलेली धूळ पुसली. आता ती उतरेल, चालत घरी निघेल आणि पुन्हा गॅरेजचं तोंडही बघणार नाही, असं त्याला वाटलं.

"दुकानात गिऱ्हाइकांनाही असंच करतोस का रे?" अखेर ती म्हणाली. "दिसत नाही म्हणालं कुणी, की चष्मा न देता भिंतीवरच्या तक्त्यावरची अक्षरं मोठी करून देतोस?"

त्याला हसू आलं, आणि मग ते आवरेना. मावशीही हसायला लागली. हसता हसता तिने स्कार्फच्या टोकाने डोळे टिपले.

"जा, जुनी बसव. घड्याळ ज्याचं त्याला परत दे."

त्याने डिकीतून हत्यारांची पेटी काढली आणि डॅशबोर्डखाली आडवा झाला. त्याचे पाय दारातून बाहेर रस्त्यावर आले होते. चष्म्याच्या काड्या आवळायचा छोटा स्क्रूड्रायव्हर खिशात असतोच, तो कामी आला. घंटी बसवून तो घामाघूम होऊन वर आला, तेव्हा मावशीच्या मांडीवर एक छोटी डबी उघडी होती आणि ती पुढच्या आरशात बघून कानामागे काहीतरी अडकवत होती.

"हे कधी घेतलंस?"

"गेल्या वर्षी." ती चाचपडत होती. "गुपचूप. पर्समध्येच आहे तेव्हापासून. घातलं की सगळ्यांना दिसणार, मग सगळे मोठ्या मोठ्याने माया करणार. तू पण."

"मी नसती केली."

"तू? तू गाडीत घड्याळ बसवलंस." तिने बटण दाबलं आणि एकदम डोळे मिटले. दूर कुठेतरी पत्रा हलत होता, इंजिन निवताना टिकटिकत होतं. "काय गोंगाट आहे हा. पहिल्यापासून एवढा होता?"

"अगदी पहिल्यापासून."

"ओरडू नकोस. चल."

तिने स्कार्फ पुन्हा कानांवरून नीट बांधला. गाडी निघाली. ऐंशी, नव्वद, आणि काटा शंभरवरून सरकला. किण-किण. किण-किण. त्याने तिच्याकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं, म्हणून तो रस्त्याकडेच बघत राहिला, आणि सवयीप्रमाणे त्याने पाय हलकेच वर घेतला. घंटी थांबली.

"पाय का काढलास?" मावशी म्हणाली.

त्याने पुन्हा पाय दाबला. रस्ता संपेपर्यंत घंटी वाजत राहिली.

घरी पोहोचले तेव्हा बायको फाटकाशीच उभी होती. मावशी गाडीला फेरी मारून मागच्या बाजूला गेली आणि बंपरवर उडालेला चिखल रुमालाने पुसायला लागली. नवरा उतरताच बायकोने त्याला जवळ ओढलं आणि सवयीने आवाज खाली आणला.

"सांगितलंस का त्यांना? का परत शेपूट घातलंस? आणि आता चहा मागतील त्या. घरात दूध नाही, आधीच सांगते."

तो काही बोलायच्या आत गाडीच्या मागून आवाज आला.

"बिनदुधाचा चालेल," मावशी म्हणाली.