तीन बोटं पाणी

माझा स्वभाव संशयी आहे, ते मी आधीच सांगून टाकते. नवरा उशिरा घरी आला तर मी त्याला काही विचारायची न्हाई, त्याच्या चपलेला कुठली माती लागली ते बघायची. ह्या स्वभावापायी एका लेकराची भर लोकांत नाचक्की होणार होती, अन् ती माझ्याच हातून. म्हणून हे सांगून राह्यले.

जुन्या जालन्यात पन्नालाल शेठचं कापडाचं दुकान, वर राहायचं घर. तिथं मी चौदा वर्षं धुणंभांडी केली. घरात शेठजी, त्यांची बायको राजकुमारीभाभी, शेठजींची आई धापूबाई अन् अकरा वर्षांची पोर मंजू. मारवाडी जैन माणसं, धर्माला एकदम पक्की. हे सगळं घडलं एकोणनव्वदच्या चातुर्मासात.

त्या चार महिन्यांत त्या घरात सगळ्यांचा चौविहार असायचा. म्हणजे दिवस मावळला की तोंडात काही टाकायचं न्हाई, पाण्याचा थेंबसुद्धा न्हाई, थेट दुसऱ्या दिवशी ऊन वर येईपर्यंत. त्या वर्षी मंजूनं स्थानकात, म्हणजे त्यांच्या धर्माच्या सभागृहात, साध्वींसमोर हात जोडून तोच नेम घेतला. एवढीशी पोर म्हणून सगळ्यांनी कौतुक केलं. धापूबाई तर आल्यागेल्याला सांगायच्या.

अन् तीच पोर रोज अंथरूण ओलं करून उठायची.

तसं ते जूनपासूनच सुरू झाल्तं, पाचवीला ती नव्या शाळेत गेली तवापासून. आधी आठवड्यातून एखाद्या वेळी, चौविहार धरल्यावर रोजच. चादरी मी धुवायची, तर मला माहीत नसेल तर कोणाला असेल? भाभीनं तीळ-ओवा-गुळाचे लाडू करून घातले. दंडाला धागा बांधला. एकदा शेठजींनी कान धरला. कशाचाच उपयोग झाला न्हाई.

एक दिवस शेठजी म्हणाले, "दिवस मावळल्यापासून पोटात पाणी न्हाई, मंग एवढं येतं कुठून? ही पोर रात्री चोरून पाणी पिते."

झालं. माझ्या डोक्यात किडा वळवळायला एवढं बस होतं. मी झाडूचा एक हीर घेतला. दिवस मावळल्यावर भांडी आवरून निघायच्या आधी पितळी घागरीत बुडवायचा, ओल जिथवर आली तिथं नखानं खूण करायची. सकाळी दिवस उगवायला मी पोचायची, तवर घरात कोणी घागरीला हात लावत नसे. पुन्हा हीर बुडवायचा. तीन दिवस मोजलं. तिन्ही दिवस पाणी तीन बोटं कमी.

मी मोठ्या ऐटीत शेठजींना सांगितलं. मला वाटलं, चोर पकडला. शेठजींचं तोंड लालबुंद झालं. ते म्हणाले, "महाराजसाहेबांसमोर नेम घेऊन मोडला. आता संवत्सरीला स्थानकात सगळ्यांसमोर उभी राहील अन् कबूल करील." साध्वींनाबी ते लोक महाराजसाहेबच म्हणतात.

मंजू रडली न्हाई. नुसती म्हणाली, "बाबा, मी न्हाई पिले." धापूबाई माळ ओढत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली न्हाई. नातीवर जीव टाकणारी बाई, पण माळच ओढत राह्यली. ते मला तेव्हाच खटकलं, पण माझीच पाठ थोपटून घेण्यात मी दंग होते.

संवत्सरीच्या सणाला पंचवीस दिवस होते.

दुसऱ्या दिवशी मंजू शाळेतून आल्यावर मी तिचं दप्तर उचललं. पाण्याची बाटली जशी सकाळी भरली तशी जड. मी म्हटलं, "का गं, दिवसभर पाणी पिलीच न्हाई?" तर म्हणाली, "दुर्गामावशी, शाळेतल्या मुलींच्या संडासाला कडी न्हाई. अन् पाय ठेववत न्हाई एवढी घाण. पाणी पिलं की जावं लागतं."

"मंग जातेस कधी?"

"घरी आल्यावर."

सकाळी दहाला निघालेली पोर, साडेपाचला घरी. मी बघतच राह्यले. अन् मंग बघितलं ते रोजच बघत होते, पण डोक्यात शिरलं नव्हतं. दिवस मावळायच्या आधी ती घागरीपाशी उभी राहून तीन फुलपात्रं घटाघटा पिली. दिवसभराची तहान, अन् वरून रात्रभर पाणी मिळणार न्हाई ही धास्ती. तेवढं पाणी पोटात घेऊन ती झोपायची. नेम मोडून न्हाई, नेम पाळूनच अंथरूण ओलं होत होतं. मला माझीच इतकी लाज वाटली की त्या दिवशी भांडी घासताना दोन ताटल्या आपटल्या.

मी भाभीला बाजूला घेतलं. भाभी गरीब गाय, पण लेकीसाठी उभी राह्यली. आम्ही दोघींनी ठरवलं. सकाळी ऊन वर आलं की दोन फुलपात्रं पाणी. शाळेत बाटली संपवायचीच. माझं घर शाळेच्या मागच्याच गल्लीत, तर मधल्या सुट्टीत मंजूनं माझ्याकडं यायचं, माझ्या सासूकडून संडासाची किल्ली घ्यायची, मोकळं व्हायचं. संध्याकाळी एकच फुलपात्र, तेबी घोट घोट. झोपायच्या आधी दोनदा जाऊन यायचं. गादीवर मेणकापड. अन् सकाळी काही झालं तरी कोणी एक शब्द बोलायचा न्हाई, शेठजींनीसुद्धा. हे भाभीनं त्यांना कसं पटवलं, ते तीच जाणे. पण कबुलीचा हट्ट मात्र त्यांनी सोडला न्हाई.

पहिल्या आठवड्यात पाच दिवस ओलं. दुसऱ्या आठवड्यात दोन. नंतर कोरडं. पोर सकाळी उठली की आधी हातानं गादी चाचपायची अन् मंग माझ्याकडं बघायची. मी मुद्दाम तोंड फिरवायची, न्हाईतर डोळ्याला पाणी यायचं.

पण हीर बुडवायची खोड काही गेली न्हाई. अन् घागरीतलं पाणी अजूनबी रोज तीन बोटं कमीच.

आता कोण? मला भाभीचा संशय आला, मंग शेठजींचा. दोघांच्या तोंडाकडं मी चोरावाणी बघायची. एक दिवस धापूबाईंच्या पदराकडं लक्ष गेलं, तर पुढचं टोक ओलं. सकाळी सकाळी, अंघोळीच्या आधी. माझ्या मनात पाल चुकचुकली. मंजू त्यांच्याच खोलीत झोपायची. मी तिला गच्चीवर नेऊन विचारलं, "तुला माहीत आहे का रात्री पाणी कोण पितं?"

ती वाळत घातलेल्या चादरीची कड सारखी करत राह्यली. मंग बारीक आवाजात म्हणाली, "अंथरूण ओलं झाल्यावर मला जाग यायची. मी हलायची न्हाई. दादीला लई तहान लागते, मावशी. ती आधी हात जोडते, रडते, अन् मंग पिते. पदराला तोंड पुसते. तू कोणाला सांगू नको."

"अगं, तुला उभं करणार आहेत लोकांसमोर!"

"मी लहान पोरगी आहे. मला रागावतील अन् विसरतील. दादीला कोण विसरंल?"

मला त्या म्हातारीचा असा संताप आला. त्याच दुपारी मी तिच्यासमोर जाऊन बसले. म्हटलं, "माँजी, पोरीचं अंथरूण चार दिवस कोरडं आहे. पाणी अजून तीन बोटं कमी होतं. शेठजींना मी सांगू का तुम्ही सांगता?"

धापूबाईंच्या हातातली माळ थांबली. ओठ कोरडे पडलेले, त्यांच्यावरून त्यांनी जीभ फिरवली. म्हणाल्या, "मी सांगीन, दुर्गा." पण रोज सकाळी शेठजी त्यांच्या पाया पडून दुकानात उतरायचे अन् त्या आशीर्वाद देऊन गप्प बसायच्या. असे चार दिवस गेले. मी सांगणारच होते, पण मंजूनं मला तिच्या गळ्याची शपथ घातल्ती.

संवत्सरी आली. त्या दिवशी त्यांचे सगळे लोक उपास करतात अन् वर्षभराच्या चुकांची एकमेकांना माफी मागतात. स्थानक खच्चून भरलं होतं. मी दाराशी चपलांपाशी बसले. शेठजींनी बायकांच्या बाजूला बघून मान हलवली, अन् मंजू उभी राह्यली. पांढरा फ्रॉक, हात जोडलेले.

"महाराजसाहेब," ती म्हणाली, "आधी एक विचारायचं आहे. म्हाताऱ्या माणसाला रात्री तहान सोसत न्हाई, तर त्याला पाप लागतं का?"

लोक कुजबुजले. शेठजी अर्धे उठले. पण साध्वी शांतपणे म्हणाल्या, "आजारी, म्हाताऱ्या माणसानं तिविहार करावा, बेटा. त्यात अन्न सोडायचं, पाणी चालतं. पाप काही न्हाई."

मंजूनं मागं वळून बघितलं. धापूबाईंकडं. एवढा वेळ जे तोंड तिनं घट्ट धरलं होतं ते मोकळं झालं, अन् ती हसली. मंग पुन्हा समोर वळून म्हणाली, "आता माझी माफी मागते. मी रात्री..."

"मंजू, बस खाली."

आवाज धापूबाईंचा होता. एका हातानं त्यांनी नातीचा फ्रॉक धरून तिला खाली ओढलं अन् दुसऱ्या हातानं भिंत धरून त्या स्वतः उठायला लागल्या. आजूबाजूच्या बायका त्यांना बसवायला बघत होत्या, पण त्यांनी सगळ्यांचे हात झटकले.

"ती न्हाई," त्या म्हणाल्या. "मी उभी राहीन. पाणी मी पिले."