आप्पांच्या ठोक्यांचा वेग

आप्पांची पापणी अर्धी मिटली आणि तिथेच राहिली. बाकीचे आप्पाही तिथेच राहिले, प्रयोगशाळेतल्या खुर्चीत, कॅमेऱ्यासमोर, हातात चहाचा कप घेऊन. चहाची वाफसुद्धा कपाच्या काठावर थांबली.

चाचणीला एक चेहरा हवा होता म्हणून शर्वरीनेच वडिलांना आणलं होतं. आता तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कॅमेऱ्याच्या सेन्सरला काय काय लागतं त्याचं वर्णन लिहिणं, हे तिचं काम. वीज लागते, घड्याळ लागतं. घड्याळाचे ठोके मिळाले नाहीत तर सेन्सरला दिसत नाही, आणि या कॅमेऱ्यासमोर बसलेला माणूस त्याला दिसला नाही तर काळात पुढे सरकत नाही. ‘घड्याळ आवश्यक’ असं तिने स्वच्छ लिहिलं होतं. ते खोडून ‘ऐच्छिक’ कुणी केलं? साहेबांनी! नेर्लेकर साहेबांनी!

“जुन्या सर्किट बोर्डांवर घड्याळ कायमचं चालूच असतं, म्हणून त्यांच्या वर्णनात कुणी ते लिहिलंच नाही,” नेर्लेकर शांतपणे म्हणाले. “आवश्यक ठेवलं असतं तर ते सगळे तपासणीत नापास झाले असते.”

“आणि माझे वडील? त्यांच्यात कुणी बसवलंय घड्याळ?”

“ऐच्छिक म्हणजे नसलं तरी चालतं.”

“डोंबल चालतं! बघा की त्यांच्याकडे!”

नेर्लेकरांनी कपाला बोट लावलं. “गरम आहे अजून.”

शर्वरीने त्यांना बाजूला सारून कीबोर्ड ओढला आणि शब्द पुन्हा ‘आवश्यक’ केला. पडद्यावर लगेच प्रश्न आला: ठोक्यांचा वेग किती?

सेन्सरचा वेग तो बनवणारी कंपनी सांगते. आप्पांचा कुणाला विचारायचा? जन्मभर त्यांच्याशी भांडली, पण हे कधी विचारलं नव्हतं. आप्पांच्या छातीतून आता खुर्चीची पाठ दिसायला लागली होती.

“चोवीस टाका,” नेर्लेकर म्हणाले. “मागच्या फाइलमधून उचला. सगळे तेच करतात.”

“ती दुसऱ्या सेन्सरची आहे!”

“मग राहू द्या असेच.”

“तुमचं वाटोळं होवो,” ती म्हणाली, आणि चोवीस मेगाहर्ट्झ टाकले, म्हणजे सेकंदाला दोन कोटी चाळीस लाख ठोके.

पापणी मिटली. उघडली. मग तिचं मिटणं-उघडणं वेगळं दिसेना. कप रिकामा झाला. पांढरी दाढी छातीवर उतरली. आप्पा काहीतरी बोलले, बहुधा ‘शरू’ म्हणाले असावेत. ऐकू आली ती नुसती किणकिण.

“बघा, झाले ना चालू!” नेर्लेकर म्हणाले.

शर्वरीने आप्पांचा हात गच्च धरला. तिच्या मुठीत त्यांची नखं वाढत होती.