तळाचा खुंटा

मी एक जुना खुंटा आहे. हसू नका, मित्रांनो! गायीला बांधतात तो खुंटा मी नव्हे. मी तलावाचा खुंटा आहे, आणि तोही अगदी तळाच्या भोकाचा. हे मी जरा फुगूनच सांगतो. फुगणं हेच तर माझं काम आहे. ते कसं, ते पुढे कळेलच. मैत्रिणींनो, तुम्हीही ऐका बरं का! अशा गोष्टींत तुम्हाला कोणी हाक मारत नाही, म्हणून मी मुद्दाम मारतो.

आमचं गाव आंधळगावपासून फार लांब नाही. गावाच्या वर टेकडी, टेकडीच्या पायथ्याशी तलाव, तलावाला मातीची लांबलचक पाळ, आणि पाळीच्या खाली धानाच्या बांध्याच बांध्या, म्हणजे बांध घातलेली भाताची शेतं. टेकडीवरचं पाणी तलावात यायचं आणि तलावातलं पाणी पाटानं बांध्यांत जायचं. पाणी सोडायला पाळीच्या आतल्या बाजूला दगडी पायऱ्या आहेत. गावात त्यांना तुडूम म्हणतात. प्रत्येक पायरीला एक भोक आणि प्रत्येक भोकात एक लाकडी खुंटा. पाणी उतरेल तसा वरून एकेक खुंटा काढत यायचं. सगळ्यात खालच्या भोकात मी. म्हणजे तलावात सगळ्यात शेवटी जे पाणी उरतं, ते माझ्या भरवशावर!

मी आधी जांभळाचं झाड होतो. त्याच पाळीवर उभा होतो. पोरं माझी जांभळं खाऊन जिभा जांभळ्या करून शाळेत जायची आणि मार खायची. एका वादळात मी आडवा झालो. धनीराम सुतारानं माझ्या बुंध्याचा हा खुंटा घडवला, वर जाड आणि खाली निमुळता. तो म्हणाला होता, "जांभूळ पाण्यात सडत नाही. ओला राहीन तोवर फुगून बसन. याले वाळू देऊ नोका, बस." एवढंच माझं पथ्य. मला कायम ओलं ठेवायचं.

गावाचा एक नियम होता. वरचे खुंटे गरजेप्रमाणे काढायचे, पण तळाचा खुंटा कोणी एकट्यानं काढायचा नाही. आश्विनात धान निसवू लागलं, लोंब्या बाहेर येऊ लागल्या आणि आभाळ कोरडं राहिलं, तर सगळं गाव पाळीवर जमायचं. मला हळदकुंकू लागायचं, नारळ फुटायचा. मग सगळे एका माणसाच्या तोंडाकडे बघत राहायचे. पाटाच्या अगदी शेवटी ज्याची बांधी, तो माणूस म्हणणार, "काढा." त्याच्या आधी पाटलानंही बोलायचं नाही. शेवटच्या माणसाला पाणी पोचलं म्हणजे सगळ्यांना पोचलं, असा साधा विचार होता.

माझ्या काळात ती शेवटची बांधी पार्वताबाईची होती. तिचा नवरा लवकर गेला. एवढी एकच बांधी आणि त्या बांधीच्या धानावर वर्षभराचं पोट. तिचा दीर डोमा तलावात मासे धरायचा. ती म्हणाली, "काढा," की डोमा बुडी मारायचा, मला हिसका द्यायचा आणि पाणी भसकन पाटात जायचं. पोरं पाण्याच्या पुढे पळत सुटायची. पाणी झाल्यावर डोमा मला लगेच पुन्हा भोकात बसवायचा. बहात्तर साली पाऊस रुसला तेव्हा तर गावानं मला काढलंच नाही. जनावरांना प्यायला तेवढंच पाणी होतं. त्या उन्हाळ्यात म्हाताऱ्या बाया पाळीवर येऊन पाण्याला हात जोडायच्या. मी खाली गाळात बसून लाजायचो.

आणि मग, मित्रांनो, हळूहळू सगळं बिघडलं. एका दिवसात नाही. एका दिवसात बिघडलं असतं तर लोक ओरडले असते!

टेकडीवरून कोणी गाडीसाठी एक झाड नेलं. कोणी घराच्या मयालीसाठी, म्हणजे तुळईसाठी, एक नेलं. विटांच्या भट्टीला तर गाड्या भरून लाकूड गेलं. जो तो म्हणायचा, "एका झाडानं काय होते?" टेकडी बोडकी झाली तशी पावसात तिची माती तलावात येऊ लागली. तलावाचं पोट भरत चाललं. कडेला बेशरमीची झुडपं माजली. पूर्वी सारसांची जोडी यायची, ती येईनाशी झाली. डोमाच्या जाळ्यात मरळ मासे कमी आणि बेशरमीच्या काड्या जास्त. पाळीवर बसून शाळेच्या मुली भूगोल पाठ करायच्या, "पृथ्वीवर तीन भाग पाणी आणि एक भाग जमीन." मी मनात म्हणायचो, मुलींनो, जरा इकडे वळून बघा, इथे उलटं होत चाललंय!

तलाव उथळ झाला तशी कडेची जमीन उघडी पडली. काळीभोर, गाळाची. भोजराज नावाच्या शेतकऱ्यानं तिथे पहिला नांगर घातला. तलावाच्या पोटात तीन बांध्या केल्या. पाळीखाली त्याच्या पाच होत्याच. त्याचं बघून दुसऱ्यानं केल्या, मग तिसऱ्यानं. भोजराज माणूस वाईट नव्हता. कोणाच्याही लग्नात वाढायला तो सगळ्यांत पुढे. पण त्याला कोणी टोकलं की तो म्हणायचा, "माह्या तीन बांध्यांनं एवढा मोठा तलाव मरते का गा?"

चौऱ्याऐंशी साली भादव्यात पाऊस असा लागला की थांबेना. तलाव भरू लागला आणि पोटातल्या बांध्या बुडू लागल्या. एका सकाळी पावसाच्या झडीत, पाळीवर चिटपाखरू नसताना, भोजराजनं बुडी मारली आणि मला काढलं. ना हळद, ना कुंकू, ना पार्वताबाईचं "काढा"! धोतराच्या सोग्यात गुंडाळून त्यानं मला घरी नेलं आणि गोठ्यात तणसाच्या पेंढ्यांखाली दडवलं.

त्याच्या बांध्या पाण्यावर आल्या. शेजारच्यांच्याही आल्या. त्यांना कळलं नसेल? कळलं होतं. पण आपलं धान वर आलं ना, मग कशाला विचारा! पाऊस चालू होता, सगळे नाले भरून वाहत होते, त्यामुळे पाट का वाहतोय हे बाकीच्या गावाच्या लक्षात आलं नाही. आणि मी कोरड्या तणसात वाळत पडलो होतो. आयुष्यात पहिल्यांदा मला तहान लागली. माझ्या अंगाला बारीक चीर गेली. ती चीर पडतानाचा "टिक" असा आवाज मला अजून आठवतो.

मग पाऊस थांबला. ऊन पडलं. दिवसामागून दिवस स्वच्छ निळं आभाळ. गावाला बरं वाटलं, पण मला रडू येत होतं.

एक दिवस भोजराजची बायको रत्नाबाई बैलांना तणस घालायला आली. तिनं पेंढी ओढली आणि मी गडगडत तिच्या पायाशी. तिनं मला उचललं. माझ्या खाचेत जुनं कुंकू होतंच.

"अहो! इकडे या जरा. हे काय होय?"

भोजराज दारात आला आणि तिथेच थबकला. "खुंटा होय."

"ते मले दिसते. तळाचा होय ना? आपल्या गोठ्यात काहून?"

"हळू बोल ना वो! दोन दिवसांसाठी आणला होता. चार बोटं पाणी उतरलं का लावून देणार होतो."

"मंग लावला काहून नाही?"

"पाऊस पडून राहिला होता ना. म्हटलं, पडतेच आहे तर..."

"आता पडून राहिला का?"

भोजराज सांडलेलं तणस गोळा करू लागला.

"पोटातल्या तीन बांध्या वाचवाले पाळीखालच्या पाच वाळवता! असा हिसाब कोणत्या शाळेत शिकले?"

तेवढ्यात रस्त्यावरून मोठा आवाज आला. पार्वताबाईचा! ती सकाळी आपल्या बांधीवर गेली होती. सगळे नाले आटलेले, आणि पाट मात्र खळखळ वाहतोय. शेपटाच्या, म्हणजे तिच्या शेवटच्या बांधीपर्यंत पाणी आलं आणि तिला कोणी विचारलंसुद्धा नाही! म्हणजे तळाचा खुंटा निघालाय, हे तिला तिथेच कळलं. ती पाटाच्या काठानं ओरडत गावात आली होती.

"कोणं काढला खुंटा? आता धान गर्भात आहे! आज पाणी वाहून गेलं तं निसव्याले काय पाजसान, आसवं?"

रत्नाबाईनं मला भोजराजच्या हातात दिलं. "न्या. सगळ्यांसमोरून न्या. नाहीतर मी नेते आणि रस्ताभर सांगत जाते."

तो मला खांद्यावर घेऊन निघाला. भर उन्हात, भर रस्त्यानं.

पाळीवर लोक जमले होते. डोमानं भोकात मातीची पोती कोंबून पाहिली होती, पण पाण्यानं ती ओढून नेली. भोकाच्या वर पाण्यात मोठा भोवरा फिरत होता आणि तलाव डोळ्यांदेखत उतरत होता. भोजराजनं मला सगळ्यांपुढे ठेवलं. "माह्याच हातानं काढला," एवढंच तो बोलला.

पार्वताबाईनं आधी मला निरखलं, मग त्याला. "चांगला पाहुणचार केला वो भोजराजभाऊ खुंट्याचा! तणस खाऊन वाळून गेला बिचारा."

लोक हसले, पण हसू टिकलं नाही. डोमानं मला खाली नेऊन भोकात बसवलं आणि मी हललो. मी, जो वर्षानुवर्षं तसूभर सरकलो नव्हतो, तो खुळखुळ हलत होतो! वाळून मी बारीक झालो होतो. पाणी मला खाली ओढत होतं. अजून थोडा सरकलो असतो तर भोकातून पलीकडे पाटात, आणि माझ्या मागून सगळा तलाव.

डोमा धापा टाकत वर आला. "वयनी, बसत नाही! बारीक झाला."

पार्वताबाईच्या डोक्यावर चुंबळ होती, जुन्या लुगड्याची. तिनं ती काढली, सोडली आणि त्याच्याकडे फेकली. "गुंडाळ त्याले याच्यात, भाऊजी! बारीक पोराले मोठी बंडी घालत नाही का आपण?"

डोमानं मला त्या लुगड्यात गच्च गुंडाळलं, वरून चिकणमाती थापली आणि पुन्हा बसवलं. मी अडकलो! पण कोणीतरी वरून दाबून धरायला हवं होतं, मी फुगेपर्यंत. डोमानं बांबू आणला. भोजराज पाण्यात उतरला, वरच्या पायरीवर छातीएवढ्या पाण्यात उभा राहिला आणि बांबूनं मला दाबून धरलं.

आणि मी प्यायला लागलो. मित्रांनो, काय सांगू! चिरेच्या आतपर्यंत पाणी गेलं. मी बोटभर फुगलो, मग अजून थोडा. दुपार झाली. भोजराजचे हात बधिर झाले. डोमा म्हणाला, "मी धरतो गा थोडा वेळ." भोजराज म्हणाला, "नाही." रत्नाबाई पाळीवर भाकर घेऊन बसली होती, पण "बाहेर या" असं काही ती म्हणाली नाही.

उन्हं कलली तेव्हा भोवरा ताटाएवढा झाला. मग वाटीएवढा. मग पाणी नुसतंच सपाट, त्यावर एक वाळकं पान स्थिर. पाळीच्या पलीकडून पार्वताबाई ओरडली, "पाट चूप झाला! चूप झाला वो!"

भोजराज पाण्यातच खाली बसला आणि हसू लागला. रडतही असेल, ओल्या तोंडावर काय कळतं? तलावात थोडंच पाणी उरलं होतं, पण उरलं होतं! आश्विनात गाव जमलं, मला हळदकुंकू लागलं, पार्वताबाई म्हणाली, "काढा," आणि ते पाणी शेपटाच्या बांधीपर्यंत पोचलं. जेमतेम पोचलं, पण लोंब्या भरल्या. त्या रात्री गाव किती गाढ झोपलं असेल!

पुढच्या उन्हाळ्यात गावानं गाळ काढला. भोजराजनं आपल्या तीन बांध्या आधी मोडल्या. दोघांनी अजून मोडल्या नाहीत, हेही खरं सांगायला हवं. टेकडी अजून बोडकीच आहे. सारस आले नाहीत. पण पाळीवर जांभळाची रोपं लागली आहेत, आणि शाळेच्या मुली आपल्या डब्यातलं उरलेलं पाणी त्यांना घालतात.

त्या मुली अजून भूगोल पाठ करतात. पृथ्वी गोल आहे, तीन भाग पाणी, एक भाग जमीन. मी ऐकतो आणि मला वाटतं, ही पृथ्वीही एक तलावच. तिच्याही पोटात जो तो आपल्या तीन बांध्या करतो आणि म्हणतो, एवढ्यानं काय होते? तिच्या पाळीपलीकडे मात्र दुसरा तलाव नाही. म्हणून मुलांनो, मुलींनो, माझं एक ऐका. तुमच्या वाट्याला जो कोणता तळाचा खुंटा येईल, तो काढण्याआधी पाटाच्या शेवटी कोण उभं आहे ते बघा, आणि त्याला विचारा. विचारायला लाजू नका. आणि खुंटा वाळू देऊ नका!

परवाच्या आश्विनात पुन्हा सगळे पाळीवर जमले. यंदा पाऊस बरा झाला, फक्त शेवटचे काही दिवस कोरडे गेले होते. नारळ फुटला. डोमानं धोतर खोचलं. भोजराजनंच पाळीवरून विचारलं, "पार्वताबाई, काढाचा का?"

तिनं दूरवर आपल्या बांधीकडे पाहिलं. दाण्यांनी भरून लोंब्या वाकल्या होत्या.

"राहू द्या यंदा," ती म्हणाली. "पुरलं."

मी खाली थंड गाळात, लुगड्याच्या चिंधीत गुंडाळलेला, गच्च फुगून बसलो होतो. मला कोणी हातही लावला नाही. एवढं सुख मला कुठल्याच नारळानं दिलं नव्हतं.