शेवटची वीस काडतुसं

डेस्मंडच्या रायफलीचा, काडतूस आत ढकलणारा बोल्ट मिटताक्षणीच गोळी सुटली. चापाला त्याचं बोटही लागलं नव्हतं. नळी मातीच्या बांधाकडे होती म्हणून निभावलं. पण काडतुसं मी घरी भरलेली होती. पुढच्या शनिवारी नेमबाजी क्लबचा सेक्रेटरी गॉर्डन मला दारातच म्हणाला, "सॉरी, शीला. यापुढे फॅक्टरी अॅम्युनिशन ओन्ली."

माझं डोकं सणकलं. खडकीच्या दारूगोळा कारखान्यात मी बावीस वर्षं तपासनीस होते. कॅनडात स्कारबरोला मुलाकडे आले तेव्हा सून म्हणाली, सीनियर्सच्या भजनाला जात जा. मी बंदुकीच्या लायसन्सला अप्लाय केलं, बेसमेंटमध्ये काडतुसं भरायचं प्रेस बसवलं आणि वसईच्या डेस्मंडच्या महायुद्धातल्या गॅरंड रायफलीसाठी रिकाम्या पुंगळ्या पुन्हा भरू लागले. त्या म्हाताऱ्या रायफलीला दुकानातली जहाल काडतुसं सोसत नाहीत. माझी काडतुसं बंद झाली की रायफल कपाटात जाणार, आणि मी भजनाला.

"उरलेली काडतुसं टेबलावर मांड," मी डेस्मंडला म्हणाले.

तो कुजबुजला, "ताई, सोडा ना. मी सांगतो रायफलच ओल्ड आहे. कोण चेक करणार?"

"मी."

काडतुसाच्या बुडाशी ठिणगी देणारी टोपी असते. ती किंचित आत बसलेली हवी. वर राहिली, तर बोल्टच्या नुसत्या धक्क्याने पेटते. मी एकेका बुडावरून अंगठा फिरवत गेले. एकेचाळिसाव्याला तो अडला; टोपी वर राहिली होती.

ही भरत होते त्या दिवशी डेस्मंडने तीनदा फोन केला होता, उद्या मॅच आहे म्हणून. शेवटची वीस मी घाईत भरली आणि माझी मीच तपासली. खडकीत भरणाऱ्याने आपलं काम आपणच पास केलेलं कुणी खपवून घेतलं नसतं. तपासणारा दुसरा, सहीही त्याची. इथे मला वाटलं, मला कशाला हवा दुसरा? आपल्याच हाताचा माज. लाज वाटली मला.

कुणाचंच लक्ष नव्हतं. ते काडतूस खिशात टाकता आलं असतं. मी गॉर्डनचा अंगठा धरून त्यावर टेकवला. "लागतंय ना? चूक माझी आहे."

"देन इट्स सेटल्ड," तो म्हणाला.

"नाही. एक खराब निघालं की अख्खा लॉट बाद. सगळी मी इथेच मोडते. पुढच्या शनिवारी चाळीस नवी आणीन. तपासशील तू आणि सहीही तूच करशील."

"मी? मला काय कळतं त्यातलं?"

"आत्ता कळलं ना अंगठ्याला? आणि तुला नाही जमलं तर सांग, मी दुसरा सेक्रेटरी शोधते."

मागे कुणीतरी हसलं. गॉर्डन लाल झाला, पण नाही म्हणाला नाही.

पुढच्या शनिवारी चष्मा लावून त्याने चाळीसही तपासली. एक बाजूला काढलं. मला ते ठीक वाटत होतं, पण तपासनिसाशी वाद घालायचा नसतो. त्याने कागदावर सही केली.

डेस्मंडने रायफलीकडे हात नेला. "थांब," मी म्हणाले. "माझी काडतुसं आहेत, आधी मी."

आठ काडतुसांची क्लिप दाबून बसवली. बोल्ट खाडकन मिटला आणि सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. काही झालं नाही. मी मुद्दाम सावकाश श्वास घेतला, त्यांना थोडं ताटकळू दिलं.

आठही गोळ्या मी चाप ओढला तेव्हाच सुटल्या.