नऊ वार नायलॉन

नायलॉनला गाठ बसत नाही. मारताना घट्ट वाटते, ओढून पाहिली तरी हलत नाही, आणि मग तासा-दोन तासांत कुणी हात न लावता सैल होते. हे मला माझ्या मावशीनं, शालूबाईनं, सांगलीला शिकवलं होतं. ती गावभागात पोलकी शिवायची. "मनू, परकराला नाडी सुतीच घाल," ती म्हणायची, "न्हाईतर भर रस्त्यात अब्रू जाईल." मी हे कधी विसरले नाही. त्या दिवशीही विसरले नव्हते. पुढचं वाचताना एवढं ध्यानात असू द्या, म्हणजे मला भोळी समजून कुणी माझी कीव करणार नाही.

मी मूळची उंब्रजची. आमचं घर हमरस्त्याला होतं. पुण्याहून कोल्हापूरला जाणाऱ्या एस्ट्या तिथं थांबायच्या आणि मी पायरीवर बसून उतरणाऱ्या बायका बघायचे. चेहरे नाही, नेसणं. कुणाच्या निऱ्या कशा पडतात, पदर कुणी पिन लावून घेतलाय, कुणी नुसताच सोडलाय. मला वाटायचं, या बायका सकाळी उठून ठरवतात, आज आपण कसं दिसायचं. आमच्या घरात ठरवायला काही नव्हतंच. लुगडं हिरवं नाहीतर तांबडं, पदर डोक्यावर, कासोटा घट्ट. आईचं तसं, आजीचं तसं, म्हणून माझंही तसं.

बहात्तर साली लग्न होऊन मी शिराळ्याला आले. नवरा अर्जुना पलटणीत होता. सासरे कधीच वारले होते. घरात सासू बनुबाई आणि धाकटा दीर आकाराम, बाकी कुणी नाही. सासूचं बोलणं विळीसारखं, बसल्या जागी कापायचं. मीही काही कमी नव्हते, पण सुनेला तोंड उघडायला वेळ लागतो.

पहिल्या रजेला अर्जुना आला तेव्हा पेटीतून त्यानं कापड काढलं. त्याची पलटण नेपाळच्या हद्दीजवळ होती, तिथं परदेशी नायलॉन स्वस्त मिळायचं. अबोली रंग, त्यावर काळी बारीक फुलं. घरातल्या बायका नऊवारी नेसतात म्हणून बिचाऱ्यानं अखंड नऊ वार फाडून आणलं होतं. नायलॉनचा कासोटा बसणार कसा, हे त्याला काय ठाऊक. सासूनं दोन बोटांत चोळून बघितलं आणि म्हणाली, "आंगावर ऱ्हायाचं न्हाई ह्ये. ठेव पेटीत."

दोन वर्षं ते पेटीत राहिलं. घरात कुणी नसलं की मी झाकण उघडून त्यावर हात फिरवायचे.

चौऱ्याहत्तरच्या आखाडात मी मावशीकडं सांगलीला गेले. तिथं पांढऱ्या पॉपलिनचं पोलकं शिवलं, कोपरापर्यंत बाह्या, गळ्याच्या कडेला काळ्या कापडाची पायपीन. मावशीचं सहावारी पातळ नेसून आरशासमोर उभी राहिले. आरशातली बाई माझ्या ओळखीची होती. लहानपणापासून मी तिला एस्टीतून उतरताना बघत होते. खोटं कशाला सांगू, मला रडू आलं. शिराळ्याला परतताना मी सुती नाडीचा परकर, ते पोलकं आणि मावशीची जुनी कात्री बरोबर घेतली. नऊ वारांतले सहा कापायचे आणि पंचमीला नेसायचे, सगळा मुलूख शिराळ्यात जमतो त्या दिवशी. लपूनछपून नेसण्यात मला गोडी नव्हती.

सासूला मी आधी विचारून बघितलं होतं. ती म्हणाली, "सवाष्णीचं लुगडं चिरायचं न्हाई. आन तसलं गोल नेसायचं आसंल तर उंबऱ्याभाईर जाऊन नेस. परत येऊ नगंस." ती बोलल्याप्रमाणं करणारी बाई होती. म्हणजे माझं घर त्या कात्रीच्या टोकावर होतं.

शिराळ्याची नागपंचमी म्हणजे जिवंत नागाची. आठ-पंधरा दिवस आधीपासून पोरं रानात हिंडून नाग धरतात, मडक्यात ठेवतात, मडक्याच्या तोंडाला फडकं बांधतात. त्या साली आमच्या मधल्या खोलीत दोन मडकी होती. एकातला नाग देखणा, लांब, मिरवणुकीत न्यायचा. दुसरा कात टाकायला आला होता. डोळ्यांवर दुधासारखी साय, दिसायचं कमी, आणि जरा आवाज झाला तरी फुत्कारायचा. आकाराम म्हणाला होता, "ह्येला न्यायचं न्हाई. ह्यो आंधळा राग हाय." पंचमीला आमच्याकडं कुणी चिरत नाही, कापत नाही, सुईत दोरा ओवत नाही, तवासुद्धा ठेवत नाहीत. पुरणाची दिंडं उकडायची आणि खायची. त्या दिवशी कात्री चालवली तर ती नागाच्या अंगावर चालते म्हणतात.

मला आदल्या दिवशीच कापायचं होतं. पण त्या दिवशी बायकांचा भावासाठीचा उपवास, सासू दिवसभर माझ्यासमोर ठाण मांडून बसलेली. मग पंचमीच्या पहाटे ती आडावर गेली तशी मी गोठ्यात कापड पसरलं आणि सहा वारांवर कात्री लावली. नायलॉन कापताना आवाज होत नाही. तरी मला तो आवाज अजून ऐकू येतो.

पूजेच्या वेळी मी नेसून बाहेर आले. आकाराम दुसऱ्या मडक्याचं फडकं सोडून लाह्या-दूध वाहायची तयारी करत होता. तो बघतच राहिला. "आयला, वैनी," तो म्हणाला, "सातारच्या मास्तरीनबाई दिसताय की." मग आईकडं बघून त्यानं मान खाली घातली.

सासूनं मला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं. तिनं आवाज चढवला नाही, आणि त्याचीच मला धास्ती वाटली.

"कवा चिरलंस?"

"पाटं."

"आज?"

"व्हय."

ती पूजेच्या ताटाकडं वळली. पूजा झाली. बाहेर ताशा वाजायला लागला, आकारामला पोरांनी हाका मारल्या. मोठ्या नागाचं मडकं उचलून तो निघाला आणि जाता जाता म्हणाला, "आयं, त्या आंधळ्याच्या मडक्याचं तोंड बांध." जुनं फडकं दुधानं भिजून गेलं होतं. सासू उठली, गोठ्यात गेली आणि उरलेलं तीन वार नायलॉन घेऊन आली.

"त्यो बी कात टाकतोय, तू बी टाक," ती म्हणाली. "तुझ्या चिंध्येचा येवढाच उपेग."

तिनं कापडाची चौपदरी घडी केली, मडक्याच्या तोंडावर घातली आणि टोकं गळ्याभोवती आवळून गाठ मारली. आत सळसळ झाली. मग तिनं माझ्याकडं बघितलं. "लय शिवान शिकून आलीयास न्हवं? बघ, ऱ्हाईल का गाठ?"

मी खाली वाकून बघितलंसुद्धा. म्हणाले, "ऱ्हाईल."

का म्हणाले? आजवर मी स्वतःला हेच सांगत आले की मला फक्त तिची फजिती बघायची होती. गाठ सुटेल, आकाराम येऊन मडकं उघडं बघेल, आईला चार शब्द बोलेल, आणि एकदा तरी चूक तिची ठरेल. चावण्याचा विचार माझ्या मनात आला नाही. असं मी सांगते.

मग मी बाहेर पडले. डोक्यावर पदर नव्हता, खांद्यावर होता. अंबाबाईच्या देवळाकडं जाणारा रस्ता माणसांनी फुलला होता, बैलगाड्यांवर नाग फणा काढून डोलत होते, आणि तरी लोक माझ्याकडं बघत होते. काही बायकांनी तोंडं मुरडली. एका पोरीनं माझ्या निऱ्यांना हात लावून बघितलं. कोंडीबा पाटलाची म्हातारी म्हणाली, "कुनाची गं ही?" आणि मी थांबून, नजर वर करून सांगितलं, "बनुबाईची सून. मनू." माझं नाव मी गावात पहिल्यांदा मोठ्यानं घेतलं. चालताना निऱ्या पायाशी झुळझुळत होत्या. माझ्या आयुष्यातला सगळ्यात सुखाचा दिवस कुठला, असं कुणी विचारलं तर मला तोच सांगावा लागेल, आणि मला त्याची लाज वाटते.

कारण प्रत्येक पावलाला मला ती गाठ दिसत होती. ताशा थांबला की वाटायचं, आता निम्मी सुटली असेल. कुणी हसून बोललं की वाटायचं, आता टोक खाली घसरलं असेल. परत जाऊन सांगावं असं तीनदा मनात आलं. तिन्ही वेळा कुणी ना कुणी मला बघत होतं, आणि मी उभी राहिले.

ऊन कलायला लागलं तशी मी पळत सुटले.

दार उघडं होतं. मधल्या खोलीत मडकं होतं आणि त्याच्या पायाशी अबोली कापड पडलं होतं. फाटलं नव्हतं, विस्कटलं नव्हतं. कुणी सावकाश सोडून ठेवावं तसं पडलं होतं. सासू परसदारी उंबऱ्यावर बसली होती. उजवा हात तिनं डाव्या हातात धरला होता.

"चुलीला शेण्या काढाय ग्येले," ती म्हणाली. "ढिगात हुता. चावला."

मी धावले आणि हाताला लागलं ते कापड उचललं. तेच तीन वार. तिच्या दंडाला गुंडाळणार एवढ्यात तिनं हात मागं घेतला.

"त्ये नगं," ती म्हणाली. "त्ये सुटतंय."

तिनं माझ्या डोळ्यांत बघितलं. तिला सगळं कळलं होतं. मी दोरीवरचं माझं सुती लुगडं ओढलं, दातांनी फाडलं आणि दंडाला करकचून बांधलं. ती गाठ सुटली नाही. जत्रेच्या बंदोबस्ताची जीप गावात होती, तिच्यातून आम्ही सांगलीला पोचलो. मी त्याच अबोली पातळात तिचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. तिचा जीव वाचला. उजव्या हाताची दोन बोटं आणि अंगठ्यातली ताकद गेली.

भेटायला आलेला जो तो माझ्या नेसण्याकडं बघून म्हणायचा, पंचमीला कात्री चालवली, नागोबा कोपला. सुनेला माहेरी धाडा. सासू खाटेवरून एवढंच सांगायची, "गाठ मी मारली हुती." मी काय उत्तर दिलं होतं, हे तिनं कुणाला सांगितलं नाही. आकारामला नाही, अर्जुनालाही नाही.

ती घरी आली तेव्हा मी पुन्हा लुगडं नेसून दारात उभी होते. अबोली पातळ धुऊन पेटीत ठेवलं होतं. भाकरतुकडा ओवाळून टाकला. तिनं आत पाऊल टाकलं आणि माझ्याकडं बघितलं.

"ह्ये काय नेसलीयास? जा, त्ये नेस."

"आत्याबाई, नगं आता."

"नेस म्हन्ते न्हवं. माझी बोटं दिऊन घ्येतलंयस त्ये. आता वापर."

तेव्हापासून मी सहावारीच नेसते. पुढं मी घरातच पोलकी शिवायला लागले, गावातल्या निम्म्या सुना माझं बघून गोल नेसायला शिकल्या. बाईला कसं दिसायचं ते तिनं ठरवावं, असं मी त्यांना सांगते, आणि ते मला मनापासून पटतं.

पण बनुबाई शेवटपर्यंत नऊवारीच नेसली, आणि नऊवारीला कमरेला गाठ मारावी लागते. तिच्या हाताला ते जमायचं नाही. अकरा वर्षं रोज सकाळी ती माझ्यासमोर येऊन उभी राहायची, लुगड्याची दोन टोकं डाव्या हातानं पुढं करायची. मी गुडघ्यावर बसून गाठ मारायचे. ती वरून बघायची आणि रोज तेच विचारायची.

"ऱ्हाईल का?"

आणि मला रोज सांगावं लागायचं, "ऱ्हाईल, आत्याबाई."