ऑर्गनमागचे स्टूल

मित्रांनो, मी एका चर्चमधला जुना ऑर्गन आहे. तुम्हाला बोलायला एक तोंड पुरते. मला मात्र दोन माणसे लागतात. एकाने पुढे बसून काळ्या-पांढऱ्या पट्ट्या दाबायच्या आणि दुसऱ्याने माझ्या पाठीमागे स्टुलावर बसून भात्याचा दांडा खालीवर करायचा. भात्यातली हवा नळ्यांत शिरली की मी गातो. दोघांपैकी एक जण आला नाही, तर मी म्हणजे नुसते लाकडी कपाट. हे आधीच सांगून ठेवतो, कारण माझे सारे रडगाणे तिथूनच सुरू होते.

मला घडवणारा कारागीर मोठा चिवट होता. एकेक नळी ओठाला लावून फुंकून पाहायचा आणि मनासारखा सूर लागला नाही की स्वतःलाच शिव्या घालायचा. मला चर्चच्या दारातून आत घेताना हमालांच्या नाकी नऊ आले. पण पहिल्या रविवारी सारी मंडळी उभी राहून गाऊ लागली तेव्हा खिडक्यांची तावदाने थरथरली, आणि मी अगदी हुरळून गेलो. ते दिवस आठवले की आजही भरून येते.

पुढे माझ्यासमोर बसू लागल्या त्या मास्तरीणबाई. आठवडाभर शाळेतल्या पोरांना दटावायच्या आणि रविवारी मला. पाठीमागच्या स्टुलावर असायचे बेकरीवाले दादा. सकाळची भट्टी उरकून ते तसेच यायचे, त्यामुळे दांड्याला पिठाचे डाग पडायचे आणि माझ्या पाठीला ताज्या पावाचा वास लागायचा. पाळकांचा उपदेश लांबला की दादांना हमखास डुलकी लागे. मग गीताची वेळ झाली की बाई माझ्या फळीवर बोटाने दोनदा टकटक करायच्या.

मागून दादा दचकून म्हणायचे, "जागाच आहे हो बाई!"

"हो, घोरणं ऐकू आलं मला," बाई पुटपुटायच्या, तोवर माझा भाता फुगलेला असे.

उपासना संपली की लोक बाईंचे कौतुक करायचे, माझेही करायचे. दादा कोणाला दिसतच नसत. मागच्या दाराने आले, मागच्या दाराने गेले. त्यांची त्याबद्दल तक्रार नव्हती.

एका रविवारी बाईंनी टकटक केली आणि मागून उत्तर आले नाही. पुन्हा केली. मंडळी गीतपुस्तके उघडून ताटकळली. शेवटी पाळकांनीच आपल्या घोगऱ्या आवाजात गीत सुरू केले. नंतर सगळे माझ्याभोवती गोळा झाले.

"काय बिघडलं हो याचं?"

"म्हातारा झाला आता. कारागीर बोलवायला हवा."

कोणी माझी झाकणे उघडली, कोणी नळ्यांत डोकावले. माझी विचारपूस करायला अख्खे चर्च हजर होते. रिकाम्या स्टुलाकडे मात्र एकट्या बाईंनी पाहिले, आणि त्यांना वाटले, चुकतो एखादा रविवार माणसाचा.

दादांचे एक होते. उपासनेत सगळ्यांना वाटायचा प्रभुभोजनाचा पाव त्यांच्याच बेकरीतला असे, आणि तो शनिवारी दुपारी आणून ठेवायला ते कधी चुकत नसत. रविवारचे येणे बंद झाले तरी पाव येत राहिला. अशाच एका शनिवारी बाई मला पुसत होत्या आणि दादा आत आले.

"दादा, पाव येतो, पण तुम्ही येत नाही."

"कोणाचं काय अडलंय बाई? मी तापाने फणफणलो होतो, कोणी दारात आलं का? ऑर्गन बघायला मात्र सगळे जमले म्हणे."

बाईंनी पुसायचे फडके खाली ठेवले. मग त्या हळूच म्हणाल्या, "मी यायला हवं होतं. चुकलंच माझं."

दादा वरमले. "तसं नाही हो. आता रविवारचं गिऱ्हाईकही वाढलंय. आणि प्रार्थना मी चुकवत नाही. भट्टीसमोर बसून करतो. देव काय इथेच बसलाय?"

"देव सगळीकडे आहे. भात्याचा दांडा तेवढा इथेच आहे."

दादा हसले. त्यांनी दांड्यावरून हात फिरवला. "येतो. पुढच्या रविवारी नक्की."

तो पुढचा रविवार काही उजाडला नाही. दर शनिवारी पाव ठेवताना दादा तेच म्हणायचे, आणि मला वाटते, अगदी मनापासून म्हणायचे. दांड्यावर दुसरे कोणी बसेल म्हणावे, तर कोणालाही न दिसणाऱ्या स्टुलावर दर रविवारी बसायची सवड कोणाला? एकदोघे बसले आणि कंटाळले. मग गीते वाजवायला एक स्पीकर आणला गेला. लोक गायचे सोडून ऐकू लागले, आणि ऐकायचेच तर घरी काय वाईट, असे म्हणत हळूहळू घरीच राहू लागले. बाके ओस पडत गेली. बाई तेवढ्या येत. गीताच्या वेळी टकटक करत, जरा वाट पाहत आणि मग हात मांडीवर ठेवून गात.

आणि मग दादा गेले. भट्टीसमोर बसल्या जागीच गेले.

त्या दिवशी चर्च माणसांनी भरून गेले. ज्यांचे चेहरेही मी विसरलो होतो, ते आले. दादांची लेक बाईंपाशी आली. "बाई, ऑर्गन वाजवा ना. बाबा शेवटपर्यंत म्हणत होते, येत्या रविवारी दांड्यावर बसणार म्हणून."

बाई बसल्या. दादांची शवपेटी समोर होती, तरी सवयीने त्यांच्या बोटाने फळीवर दोनदा टकटक केली. शेवटच्या बाकापर्यंत ती ऐकू गेली. कोणीतरी धावत मागे गेले आणि जोर लावून दांडा ओढला. इतकी वर्षे न हललेले भात्याचे चामडे वाळून कडक झाले होते. ते टरकन फाटले. बाईंनी तरीही सगळे गीत वाजवले, शेवटच्या कडव्यापर्यंत. पट्ट्यांची नुसती खटखट होत राहिली.

दारात डोळे पुसत सगळे म्हणाले, "आता दर रविवारी यायला हवं." रविवारी बाकांवर नेहमीचेच म्हातारे होते.

मित्रांनो, माझा भाता आता शिवून मिळणार नाही. चर्चला लवकरच कुलूप लागेल, असे पाळक बाईंना सांगत होते. तेव्हा माझ्यासाठी मी काही मागत नाही. पण तुमच्या चर्चचे दार अजून उघडे असेल, तर रविवार चुकवू नका. घरी केलेली प्रार्थना देव ऐकतो, याबद्दल मला शंका नाही. पण एकट्याच्याने गीत होत नाही, हे माझ्याइतके कोणाला ठाऊक? आणि कोणी आला नाही, तर त्याच दिवशी त्याच्या घरी जा. जो कोणाला दिसत नाही, त्याच्याकडे आधी जा.

बाई अजून येतात. माझे झाकण आता उघडत नाहीत. उपदेश संपला की फळीवर दोनदा टकटक करतात आणि कान देऊन बसून राहतात. मला त्यांना सांगावेसे वाटते, की बाई, मागे कोणी नाही. पण तेवढे सांगायलाही मला हवा लागते.