तीस वर्षं न धुतलेला खल

मी खल बोलतोय. काळ्या दगडाचा, तेर गावच्या पाथरवटानं घडवलेला. जोडीला बत्ता आहे, पण तो नुसता आदळतो. बोलायचं काम माझ्याकडं.

इरम्मा माझी मालकीण. तेरणा नदीच्या काठचा दगडीपाला आणि कडुनिंब ती माझ्यात वाटायची आणि गावाच्या जखमांवर बांधायची. तीस वर्षांत तिनं मला कधी धुतलं नाही. धुतलं की खलातला गुण जातो, असं तिचं म्हणणं. मलाही ते पटलं. अंगावर चढलेल्या काळपट थराला मी माझी विद्वत्ता समजत होतो.

निजामाच्या राज्याची शेवटची वर्षं. गुंडाप्पा धनगराच्या पायात बाभळीचा काटा मोडला. इरम्मानं पाला बांधला, तरी पाय सुजत गेला, ताप चढला. तेव्हा तिनंच त्याला बैलगाडीत घालून धाराशिवचा सरकारी दवाखाना गाठला. काय लावलं ते दाखवायला मलाही फडक्यात बांधून नेलं.

हैदराबादेहून आलेल्या डॉक्टर मोहिउद्दीनांनी पू काढला, जंतू मारायची पूड लावली. ताप उतरला नाही तर पाय कापावा लागेल म्हणाले. मग मला उचलून बराच वेळ हुंगलं. मला वाटलं, कौतुक चाललंय.

त्यांनी काचेच्या ताटलीत जंतू वाढवायला ओतलेल्या खळीवर गुंडाप्पाचा पू पसरला आणि माझ्यात वाटलेल्या पाल्याच्या रसाचा थेंब टाकला. दुसऱ्या दिवशी पुवातले जंतू तर वाढलेच, थेंबापाशी वेगळ्याच जंतूंचे ठिपके उठले. ती माझी प्रजा.

मग मला अर्धा तास उकळलं. तीस वर्षांची विद्वत्ता पाण्यावर तरंगली. धुतलेला ताजा पाला वाटून, पू पसरलेल्या नव्या ताटलीत थेंब टाकला. सकाळी त्या थेंबाभोवती टिकलीएवढी जागा स्वच्छ होती. तिथं एकही जंतू वाढला नव्हता.

"अम्मा, पाल्यात दम आहे. घाण खलात आहे," डॉक्टर म्हणाले.

इरम्मानं माझ्यात डोकावून पाहिलं. मग हळूच म्हणाली, "मागल्या साली पाला बांधूनबी गावातल्या दगडोबाचं बोट गेलं. ते म्या घालवलं का?"

"ते आता कोण सांगणार, अम्मा? पुढचं तुमच्या हातात आहे."

तिनं डोळ्यांना पदर लावला. मला तर कुठं तोंड लपवावं कळेना. माझं तोंड नको तेवढं मोठं आहे.

तिसऱ्या दिवशी ताप उतरला. पाय वाचला. तापाची ग्लानी गेल्यावर गुंडाप्पानं आधी मेंढरांची चौकशी केली, पायाची नंतर.

आता राज्य बदललंय. इरम्मा थकलीय; सून शांतम्मा पाला वाटते. खरचटल्या-कापल्याला पाला, पू झाला की थेट दवाखाना, असा इरम्माचा हुकूम आहे. तुमच्या घरी माझा कुणी भाऊबंद असेल, तर त्याला सांगा, अंगावर साचलेलं सगळंच ज्ञान नसतं.

इरम्मा बाजेवरून विचारतेय, "खल उकळला का गं?"

नाही अजून. आधण आत्ताच आलंय. येतो मी.